कॅनरची अकरा मुले : राहण्याच्या जागेचा एक इतिहास

'ऑटिझम'ला मराठीत 'स्वमग्नता' म्हणण्याचा प्रघात पडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. शब्द वाईट नाही. त्यात हेटाळणी नाही, आणि ज्या ग्रीक 'ऑटोस'पासून, म्हणजे 'स्व'पासून, ऑयगेन ब्लॉयलर ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ संज्ञा घडवली, तिच्याशी तो इमान राखून आहे. तरीही हा शब्द एक गोष्ट नकळत ठरवून टाकतो. ती म्हणजे माणसाचा पत्ता. अमुक माणूस स्वतःतच राहतो, असे एकदा म्हटले की त्याला राहायला गाव कोणते हवे, गल्ली कोणती, मजला कितवा, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते.

ही गरज आम्हालाही वाटली नव्हती. आमच्या एका माजी विद्यार्थिनीमुळे ती वाटली. तिचे निदान तिशी ओलांडल्यावर झाले. ती भाषांतराची कामे करते, आपले पोट आपण भरते, आणि गेले काही महिने भाड्याचे घर शोधत होती. आईवडिलांचे म्हणणे, गावी परत ये. भावाचे म्हणणे, आमच्याच सोसायटीत बघू. तिची स्वतःची एक यादी होती : शेजारच्या कुकरची शिट्टी कितपत ऐकू येते, जिन्यातली ट्यूबलाइट गुणगुणते का, न सांगता बेल वाजवणारे किती जण असतील. ही यादी ऐकून घरे दाखवणारा एजंट हसला, असे तिने सांगितले. मग तिने आम्हाला विचारले की आमच्यासारख्यांनी ह्यापूर्वी राहायची जागा कशी निवडली, ह्याचा काही इतिहास असेल ना? आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. वैद्यकात आम्हाला गती नाही. पण जुना मजकूर काळजीपूर्वक वाचणे एवढे आम्हाला येते, म्हणून तो वाचला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

ह्या इतिहासाचा पहिला मोठा दस्तऐवज १९४३ सालचा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनी त्या वर्षी 'नर्व्हस चाइल्ड' ह्या नियतकालिकात अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. आठ मुलगे, तीन मुली. ऑटिझमच्या निदानाचा आरंभ ह्या निबंधापासून मानतात. निबंध निदानाचा म्हणूनच वाचला जातो : एकटेपणाची ओढ, सारखेपणाचा आग्रह, भाषेचा निराळा वापर वगैरे. आम्ही तो वेगळ्या दृष्टीने वाचला. प्रत्येक मूल त्या वेळी कुठे राहत होते, आणि तिथे त्याला कोणी ठेवले, एवढेच पाहत गेलो.

कॅनर ह्यांना हा प्रश्न नवा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यात जन्मलेला हा डॉक्टर १९२४ साली अमेरिकेत आला, तो साउथ डकोटातील यँक्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरीला. संस्था म्हणजे काय हे त्याने आतून पाहिले होते. पुढे बाल्टिमोरजवळच्या रोझवुड ह्या सरकारी संस्थेतील एक प्रकरण त्यांनी १९३७ साली उघडकीस आणले. 'मंदबुद्धी' म्हणून तिथे ठेवलेल्या मुलींना एक वकील न्यायालयाचे आदेश मिळवून बाहेर काढी आणि सुखवस्तू कुटुंबांकडे बिनपगारी मोलकरणी म्हणून पोचवी. कॅनर ह्यांनी अशा १६६ जणांचा माग काढला. अनेकींच्या वाट्याला पुढे रस्ता, तुरुंग किंवा वेश्याव्यवसाय आला होता. संस्था वाईट आणि घर चांगले, असे सोपे समीकरण मांडण्याआधी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. त्या मुलींना 'घर' मिळालेच होते. फक्त ते कोणाच्या सोयीचे होते, हे कोणी विचारले नव्हते.

अकरा मुलांतला पहिला डोनाल्ड. निबंधात तो 'डोनाल्ड टी.' आहे. त्याचे पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिप्लेट हे जॉन डॉनव्हन आणि कॅरन झुकर ह्या पत्रकारांनी २०१० साली 'द अटलांटिक' मासिकातील लेखातून जगापुढे आणले. जन्म १९३३, गाव फॉरेस्ट, राज्य मिसिसिपी. वडील वकील, आईचे घराणे गावातल्या बँकेच्या मालकांपैकी. डोनाल्ड चार वर्षांचा होत होता तेव्हा, ऑगस्ट १९३७ मध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला क्षयप्रतिबंधासाठी उभारलेल्या एका मुलांच्या आश्रमात ठेवण्यात आले. त्याला क्षय नव्हता. कारण दिले गेले ते आपल्याकडच्या 'हवापालट' ह्या शब्दात नेमके बसते. आईवडिलांना महिन्यातून दोनदा भेटण्याची मुभा होती. मुलगा तिथे जवळजवळ निश्चल बसून राहू लागला. वर्षभराने, संस्थाचालकांचे मन वळत नसतानाही, आईवडिलांनी त्याला घरी आणले. वडिलांनी त्याच्याविषयी ३३ पानांचे टंकलिखित पत्र कॅनर ह्यांना धाडले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये त्याला बाल्टिमोरला नेले.

इथपर्यंतची हकीकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. १९४२ साली आईवडिलांनी डोनाल्डला गावापासून दहाएक मैलांवरच्या एका शेतावर ठेवले. तिथे कुळाने शेत करणारे एक निपुत्रिक जोडपे राहत होते. मे १९४५ मध्ये कॅनर स्वतः तिथे गेले आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. ऑटिझमवरील सगळ्या वाङ्मयात हे वर्णन आम्हाला सर्वांत वाचनीय वाटते. मुलाला मापे घेण्याचा नाद होता. जोडप्याने त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगायला सांगितले. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हटले. कॅनर ह्यांच्यासमोर त्याने सहा लांबलचक ओळी नांगरल्या, घोडा सफाईने वळवला. मेलेली पाखरे आणि किडे तो गोळा करी. त्यांना दफनासाठी एक कोपरा नेमून देण्यात आला. प्रत्येक थडग्यावर तो पाटी लावी : पहिले नाव माणसाचे, मधले नाव त्या प्राण्याच्या जातीचे, आडनाव त्या शेतकऱ्याचे. जन्मतारीख अज्ञात, मृत्यूची तारीख, ज्या दिवशी तो सापडला ती. मधल्या नावाच्या जागी बापाचे नाव घालणाऱ्या आपल्या समाजाला ह्या पाट्यांची गंमत अधिकच कळावी. गोगलगायीलासुद्धा घराण्याचे आडनाव मिळाले होते, म्हणजे मुलाने त्या घराला आपले मानले होते, असे आम्ही समजतो. जवळच्या खेड्यातल्या शाळेत तो जाई. त्याचे विक्षिप्तपण तिथे चालवून घेतले जाई.

ह्या जोडप्याला मानसशास्त्र ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाचा नाद मोडला नाही, त्याला शेतात जागा करून दिली. मूल बदलले असेल ते नंतर. आधी शेत थोडे बदलले. 'जागा' ह्या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, राहण्याचे ठिकाण आणि सामावून घेण्याइतका अवकाश. त्या शेतावर ते दोन्ही एकत्र आले होते.

१९७१ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, कॅनर ह्यांनी त्याच अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला आणि तो निबंध प्रसिद्ध केला. मुले आता चाळिशीच्या आसपास आली होती. एक वारला होता, एकदोघांचा माग लागत नव्हता. डोनाल्ड फ्रेंच विषय घेऊन १९५८ साली मिलसॅप्स महाविद्यालयातून पदवीधर झाला होता, घराण्याच्या बँकेत काम करत होता, गोल्फ खेळत होता. दुसरा एक जण दीर्घकाळ एका खाजगी निवासी शाळेत राहून पुढे सरकारी कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर नेमाने काम करत होता. कॅनर ह्यांनी ज्याला हर्बर्ट म्हटले आहे तो जवळजवळ न बोलणारा मुलगा. त्यालाही शेतावरच्या एका जोडप्याकडे ठेवले होते. तो शेतकऱ्याच्या मागे मागे हिंडून कामे शिकला. शेतकरी गेल्यावर विधवेने वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांची तो प्रेमाने सेवा करू लागला. भाषेची कसोटी लावली तर हर्बर्ट नापास. पण त्याच्या असण्याला एक ठिकाण होते.

ह्याउलट चार जणांचे आयुष्य मुख्यत्वे सरकारी संस्थांत गेले. लहानपणी त्यांच्यात जी चमक होती, स्मरणशक्तीचे जे थक्क करणारे प्रकार होते, ते भरती झाल्यावर थोड्याच काळात विझून गेले. एकटे राहू द्या म्हणून ही मुले पूर्वी झगडत. संस्थेत झगडण्याजोगे काही राहिलेच नाही. सरकारी मनोरुग्णालयातील प्रवेश हा जन्मठेपेच्या शिक्षेसारखाच ठरतो, असा निष्कर्ष कॅनर ह्यांनी काढला. त्या चौघांत एक व्हर्जिनिया होती. १९३६ साली, पाचेक वर्षांची असताना, तिला राज्याच्या प्रशिक्षणशाळेत टाकले होते. तिचे वडील स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होते. ह्यावर भाष्य नको.

अकरा मुलांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. संस्थेत गेली त्यांची अडचण मुळात अधिक तीव्र असेल, असेही म्हणता येईल. पण हर्बर्ट बोलत नव्हता आणि तरी त्याचे बरे चालले, ही गोष्ट त्या आक्षेपाच्या आड येते.

आता एक धोका. हे सगळे वाचून मराठी वाचकाच्या मनात गावाविषयीचा जुना उमाळा जागा होण्याचा संभव आहे. शहर माणसाला तोडते, गाव सांभाळून घेते. आमच्या गावातही असा एक जण होता, कोणी त्याला त्रास देत नसे. आपल्या ग्रामीण व्यक्तिचित्रांनी असा माणूस पुष्कळ हौसेने रंगवला आहे. त्याला गावात बहुधा एक टोपणनाव, एक ओटा आणि उरलेले अन्न मिळते; त्याच्या मताचा प्रश्न लेखकालाही पडत नाही. फॉरेस्टविषयीही हे भान ठेवायला हवे. पत्रकार तिथे गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले की डॉनला काही इजा झाली तर गाठ आमच्याशी आहे. हे हृद्य आहे. पण ज्याला गावाने असे जपले तो बँकमालकांच्या घरातला मुलगा होता, आणि गोरा होता. ते मिसिसिपी वर्णभेदाच्या कायद्यांचे मिसिसिपी होते. तिथल्या काळ्या कुळाच्या घरात असाच एखादा मुलगा जन्माला आला असता तर त्याला ना कॅनर भेटले असते, ना ३३ पाने. गावाचा जिव्हाळा खरा होता. तो सर्वांना वाटून मिळत नव्हता, हेही खरे होते. आपल्या गावगाड्याबद्दल वेगळे काही सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी १९६७ ह्या सालाकडे जरूर पाहावे. त्या एकाच वर्षी दोन पुस्तके आली. ब्रूनो बेटलहाइम ह्यांचे 'द एम्प्टी फोर्ट्रेस', म्हणजे रिकामा किल्ला, आणि क्लारा क्लेबोर्न पार्क ह्यांचे 'द सीज', म्हणजे वेढा. दोन्ही रूपके युद्धाची, दोन्ही जागेची. बेटलहाइम शिकागोत निवासी शाळा चालवत, दोष आईवडिलांवर ठेवत आणि मुलाला घरापासून तोडणे हा उपचार मानत. त्यांचा सिद्धान्त पुढे पार कोसळला. पार्क ह्या आई होत्या आणि इंग्रजीच्या प्राध्यापिका. त्यांनी किल्ल्यात माणूस आहे हे गृहीत धरले आणि दारापाशी बसून राहिल्या. त्यांची मुलगी जेसी पुढे चित्रकार झाली. विल्यम्सटाउन ह्या महाविद्यालयीन गावात आईवडिलांच्या घरी राहून तिथल्या कॉलेजच्या टपालखोलीत तिने अनेक वर्षे काम केले. आम्हाला पार्क जवळच्या वाटतात, हे लपवत नाही. तरीही वेढा घालणाराच कुठे बसायचे ते ठरवतो, हे त्या रूपकातही आहेच.

पालकांनी मुलांसाठी जागा उभारण्याचा काळ त्यानंतरचा. १९७४ साली इंग्लंडमध्ये सॉमरसेट कोर्ट हे स्वमग्न प्रौढांचे निवासस्थान सुरू झाले. त्यामागे सिबिल एल्गर ही शिक्षिका होती. ते पाहून बेटी रूथ के ह्या शिक्षिकेने १९८३ मध्ये ओहायोत बिटरस्वीट फार्म्स काढले. पुन्हा शेतच. डोनाल्डचे शेत आणि ही शेते ह्यांत फरक इतकाच, की ह्या शेतांवर राहणारे बहुतेक सगळे एकाच निदानाचे. डोनाल्ड त्या शेतावर एकटाच तसा होता. हा फरक लहान की मोठा, ह्यावर अमेरिकेत आजही पालक आणि स्वमग्न प्रौढ ह्यांच्यात कडाक्याचे वाद होतात. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या केंद्र शासनाने मेडिकेडच्या निधीसाठी नियम केला की जागा माणसाला समाजापासून तोडणारी नसावी. तेव्हा अशा शेतवस्त्या चालवणारे पालक धास्तावले. ह्या वादात आम्ही एका बाजूला पूर्ण जाऊ शकत नाही. म्हाताऱ्या आईला रात्री झोप लागली पाहिजे, हाही युक्तिवादच आहे.

मग स्वमग्न माणसांनी स्वतः निवडलेली जागा इतिहासात येते तरी कधी? आमच्या वाचनात ती प्रथम आली ती १९९६ साली, आणि तीही काही दिवसांपुरती. जिम सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑट्रीट नावाचे वार्षिक शिबिर न्यूयॉर्क राज्यात सुरू केले. ते स्वमग्न प्रौढांनी स्वमग्न प्रौढांसाठी आखले होते. उग्र अत्तरे नकोत, कॅमेऱ्याचे फ्लॅश नकोत. छातीवर रंगीत बिल्ले : लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, सुरुवात तुम्ही करा. आमच्या विद्यार्थिनीने हे ऐकले आणि म्हणाली, सर, माझ्या दारावर एवढे तीन बिल्ले लावता आले तरी पुरे आहे.

ह्याच्या शेजारी टेम्पल ग्रँडिन ह्यांची एक आठवण ठेवावीशी वाटते. जनावरांच्या हाताळणीवरील त्यांचे काम जगप्रसिद्ध आहे. किशोरवयात त्यांना मावशीच्या ॲरिझोनातील रँचवर पाठवायचे ठरले तेव्हा आईने पर्याय दिले ते असे : थोडे दिवस राहायचे की सगळा उन्हाळा. न जाण्याचा पर्याय नव्हता. त्या गेल्या, रमल्या, आयुष्याची दिशा त्यांना तिथे मिळाली. आईचा निर्णय बरोबर ठरला. पण निवड ह्या शब्दाचा एवढा कमी कापडात शिवलेला अंगरखा आम्ही दुसरा पाहिला नाही.

कायद्याने हा शब्द पुरता उच्चारला तो १३ डिसेंबर २००६ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कराराच्या एकोणिसाव्या कलमात म्हटले आहे की कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याची संधी इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे, आणि कोणावरही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती नसावी. भारताने हा करार ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे पाचवे कलम त्यातूनच आले. त्या कायद्याच्या परिशिष्टात स्वमग्नता आहे.

परंतु आपल्याकडे ह्याच्या आधीचा एक कायदा आहे, १९९९चा राष्ट्रीय न्यासाचा. तोही पालकांच्या तळमळीतूनच आला. त्याच्या केंद्रस्थानी पालकत्व आहे, म्हणजे अठरा वर्षांवरील माणसासाठी निर्णय घेणारा कोणीतरी. 'आमच्यानंतर काय?' हा आपल्याकडच्या प्रत्येक पालकसभेतला प्रश्न. त्याच प्रश्नातून डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी 'घरकुल' उभारले, आणि अशा कामाविषयी आदरच वाटतो. राष्ट्रीय न्यासाच्या आजन्म निवासाच्या योजनेचे नाव 'घरौंदा' आहे. हिंदीत हा शब्द छोट्याशा घरासाठी आहे, आणि मुले खेळताना माती-वाळूचे जे घर करतात त्याच्यासाठीही. आपल्या भातुकलीतले घर म्हणा ना. चाळीस वर्षांच्या माणसाला राहायला द्यायच्या जागेचे नाव कोणाला हे सुचावे, आणि कोणाला खटकू नये, ह्यात आपल्या विचाराची घडण दिसते.

डोनाल्डचे आईवडील १९८०च्या दशकात गेले. त्याच्या खर्चासाठी कुटुंबाने विश्वस्त निधी करून ठेवला होता. तो त्याच घरात एकटा राहिला, स्वतः गाडी चालवी, सकाळी मित्रांबरोबर कॉफी, दुपारी गोल्फ. एकट्याने त्याने तीसहून अधिक देश पाहिले. कोणताही प्रवास सहाएक दिवसांपेक्षा लांबू देत नसे. म्हणजे फॉरेस्ट त्याला नेमून दिलेले होते खरे. पण जग पाहून दरवेळी परत येणारा माणूस निदान तेवढ्यापुरता ते पुन्हा निवडत होता. १५ जून २०२३ रोजी, ८९व्या वर्षी, तो त्याच गावात वारला.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हे सगळे सांगितले. डोनाल्डच्या विहिरीविषयी तिने एकच विचारले, त्याला खणायची होती का? कॅनर ह्यांच्या वर्णनात ह्याचे उत्तर नाही.

तिने शेवटी घर घेतले ते एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूचे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, म्हणून ते बरेच महिने रिकामे पडून होते आणि भाडेही कमी आहे. भावाला ते पसंत नाही. भिंतीमुळे रस्त्याचा आवाज येत नाही आणि कोणी आत पाहू शकत नाही. तिने टेबल खिडकीशीच ठेवले आहे.